पंगतीतून उठू नका

अंत्युखिया शहरातली ख्रिस्ती मंडळी एकत्र जेवत असे. तिच्यात जन्माने यहूदी असलेले होते, तसे ग्रीक आणि सिरियन घरांतले परराष्ट्रीयही होते. येशूचा शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तोही सगळ्यांच्या पंगतीला बसू लागला. पुढे यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली. पेत्राने आधी अंग चोरले, मग तो वेगळाच बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी ख्रिस्तीही उठले. प्रेषित पौलाचा सोबती बर्णबा, तोही उठला. तेव्हा पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर जाब विचारला. ही हकीकत पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे, आणि लिहितानाही त्याचा राग पुरता शमला नव्हता हे वाचताना कळते.

पेत्राने श्रद्धेतले एक अक्षरही बदलले नव्हते. येशू हाच तारणारा, हे तो आदल्या दिवशी मानत होता आणि त्या दिवशीही मानत होता. गावाकडच्या माणसांपुढे ओशाळे वाटले म्हणून त्याने फक्त बसायची जागा बदलली. एवढ्यावरून आपल्यापैकी कुणी पहिल्या पोपला भर सभेत सुनावले असते का? पौलाने सुनावले, कारण त्या उठण्याचा अर्थ परराष्ट्रीय भावांना लगेच कळला असणार: तुमचे तारण झाले खरे, पण आमच्याइतके नाही.

वसई-विरारच्या ख्रिस्ती वाचकांना मला या लेखात एवढेच विनवायचे आहे. तारणाची शिकवण आपल्याला पाठ आहे. ती आपण पंगतीत पाळतो का, ते बघा. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचावे. घरातले बोलणे शेजाऱ्याने ऐकले तर बिघडत नाही.

आधी शिकवण नीट समजून घेऊ, कारण ती आपण बऱ्याचदा अर्धीच सांगतो. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयाला बाहेरच्या अंगणापर्यंत जाता येई. पुढे दगडी कठडा होता आणि त्यावर इशाऱ्याच्या शिळा. त्यातली ग्रीक भाषेतली एक शिळा १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेममध्ये सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, आल्यास मरणाला तो स्वतः जबाबदार, असा तिचा आशय. पौलाला मंदिरात धरले ते याच कठड्यापायी. इफिसचा त्रफिम नावाचा परराष्ट्रीय त्याने आत आणला, असा आरोप होता. आणि इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत ख्रिस्ताने पाडली, दोघांचा मिळून एक नवा माणूस केला. ते पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या शिष्याने, यावर अभ्यासकांचा वाद आहे. भिंत म्हणजे काय, यावर मात्र त्या काळच्या वाचकाला काही विचारावे लागले नसेल.

महाराष्ट्रातल्या वाचकालाही विचारावे लागू नये. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढचा १९३० चा सत्याग्रह आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली केलेले उपोषण आपल्या आजी-आजोबांच्या काळातले आहे. यरुशलेमची शिळा मी यहूद्यांना दोष द्यायला पुढे करत नाही. तशी शिळा प्रत्येक समाजाने कुठे ना कुठे बसवलेली असते, फक्त सगळीकडे ती कोरून ठेवत नाहीत.

शिकवणीचा दुसरा भाग इ.स. ४९ च्या सुमाराला यरुशलेमच्या सभेत ठरला. तो प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये आहे. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती व्हायचे तर आधी सुंता करून यहूदी व्हायला हवे, असे काहींचे म्हणणे होते. बराच वाद झाला. शेवटी ठरले की सुंतेची गरज नाही. मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे, एवढे पुरे. ग्रीक माणूस ग्रीकच राहिला. यहूदी शिष्यही यहूदीच राहिले; पौल स्वतः पुढे नवस फेडायला मंदिरात गेला. कुणाला आपल्यासारखे व्हायला न लावता त्याच्या शेजारी बसून जेवणे, असा हा निर्णय होता, आणि तो सोपा नव्हता. पेत्राचाच आधीचा प्रवास बघा. यापो गावी तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता, म्हणजे एक पायरी त्याने आधीच ओलांडली होती. मग कुणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये असा दृष्टान्त झाला, कैसरियाला रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी तो गेला, तिथे पवित्र आत्मा उतरलेला डोळ्यांनी पाहिला. इतके सगळे पाहिलेला माणूस अंत्युखियात पंगतीतून उठला! आपणही कधी ना कधी उठलेले असणार, हे धरूनच चालावे.

तिसरा भाग वसईच्या बागायतदाराला माझ्यापेक्षा लवकर कळेल. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल जैतुनाच्या झाडाचे उदाहरण देतो. काही फांद्या तोडल्या गेल्या आणि रानजैतुनाची फांदी त्या जागी कलम केली. ती रानफांदी म्हणजे आपण परराष्ट्रीय. कलम बांधणारा कुणीही इथे थबकेल. आपल्याकडे चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात: खुंट रानटी आणि चिवट, फांदी गोड फळाची. पौल नेमके उलट सांगतो, खुंट घरचा आणि फांदी रानातली. बागकाम कळत नव्हते म्हणून त्याने असे लिहिले असे नाही. हे निसर्गाच्या उलट आहे, हे तो स्वतःच म्हणतो. रानफांदीने गर्व करू नये, कारण मूळ तिने धरलेले नाही, मुळाने तिला धरले आहे, हा त्याचा मुद्दा. पुढे तो याहून कडक इशारा देतो: मूळच्या फांद्या गेल्या तर तूही जाऊ शकतोस.

हा इशारा ख्रिस्ती जगाने शतकानुशतके ऐकला नाही, आणि त्याची एक कडी थेट आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात आला. त्याचे आईबाप स्पेनमधून परागंदा झालेले यहूदी. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला होता. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे ठेक्याने होते, आणि मुंबई तेव्हा वसईच्याच कारभाराखाली होती. इथल्या वनौषधींवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या हाडांतही इन्क्विझिशनला जात सापडत होती.

हे रक्त तपासण्याचे वेड त्या काळच्या साऱ्या स्पॅनिश-पोर्तुगीज जगात मुरले होते. येशूसंघाने १५९३ साली यहूदी वंशाच्या उमेदवाराला प्रवेश बंद केला, आणि तो नियम पूर्णपणे जायला १९४६ साल उजाडले. ज्याच्या नावाने संघ, तो स्वतः यहूदी. हे नियम करणाऱ्यांना कसे खटकले नसेल? आपला गोन्सालो गार्सिया याच काळातला. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघात घेतील या आशेवर त्याने जपानात कित्येक वर्षे मिशनचे काम केले, पण त्याला घेतले नाही. आई इथली होती हे कारण, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला पदरात घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारले आणि १८६२ मध्ये तो संत झाला. त्याचे नाव आपण कॉलेजला दिले, चर्चला दिले, मुलांना दिले. त्याला दारात का थांबवले, हे मुलांना क्वचितच सांगतो.

आता आपल्या घरात येतो. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन आणि पूर्वेच्या पट्ट्यातले वारली-कातकरी, असे आपले ख्रिस्ती समाज आहेत. बाप्तिस्मा घेताना पूर्वजांनी देव बदलला, जात बरोबर आणली. हे मी नव्याने सांगत नाही, लग्नाच्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. कादोडी बोली, तांबडे लुगडे, लग्नातली गाणी, वाडवळी स्वयंपाक हे सगळे जपलेच पाहिजे. यरुशलेमच्या सभेने कुणाला आपली बोली टाकायला सांगितले नव्हते. ते जपणाऱ्यांच्या कार्यक्रमांना मी आनंदाने जातो. माझे म्हणणे स्थळ पाहण्याबद्दल आहे. मुलीने दुसऱ्या समाजातला ख्रिस्ती मुलगा आणला की घरात सुतकी कळा येते, आणि कारण विचारले तर ‘आपल्यात बसत नाही’ असे उत्तर मिळते. एकाच वेदीवरून ख्रिस्ताचे शरीर घेणारा मुलगा आपल्यात कसा बसत नाही? स्वभाव, शिक्षण, व्यसन, कर्ज हे जरूर बघा. समाज हा एकच आक्षेप उरला असेल तर आईवडिलांनी तो मागे घ्यावा, आणि मावशी-काकांनी बैठकीत तो काढू नये. अलीकडे अशी लग्ने होऊ लागली आहेत. ती झाली की लग्नाला जा, आहेर द्या, आणि जेवून या.

दुसरी गोष्ट ‘बाहेरच्यां’ची. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. आज ती कुठे पोचली असेल, हे विरार लोकलमधला प्रत्येक जण अंगावर झेलतो. शेती गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, आणि राग साठला. तो राग खोटा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला तेव्हा या मातीचे भय त्यांनी बरोबर ओळखले होते. पण ते भांडण बिल्डरशी आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांशी होते. नालासोपाऱ्यात एका खोलीचे घर घेतलेल्या तमिळ किंवा मंगळुरी कुटुंबाशी नव्हे. असे कुटुंब रविवारी मिस्साला येते, मागच्या बाकावर बसते, संपले की निघून जाते, आणि वर्षानुवर्षे त्यांचे नाव कुणाला माहीत नसते. चर्चच्या सणाच्या कमिटीत, गायनवृंदात, पॅरिश कौन्सिलमध्ये त्यांची माणसे आहेत का, ते पुढच्या बैठकीत मोजा. नसतील तर बोलवा. मराठी येत नसेल तर वाचनाची एक पाळी त्यांच्या भाषेत ठेवा. त्याने मराठी बुडत नाही.

वाडीवर किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या आदिवासी ख्रिस्ती माणसाबद्दल वेगळे लिहायला हवे, आणि ते थोडक्यात लिहितो कारण त्यात फिरवून सांगण्यासारखे काही नाही. तो चर्चमध्ये आपला भाऊ असेल, तर वाडीवर त्याला चहा वेगळ्या पेल्यात देऊ नका, आणि मजुरी वेळेवर द्या.

तिसरी गोष्ट यहूद्यांबद्दल, जिच्यापासून हा सगळा विषय निघाला. आपल्यापैकी अनेकांना वाटते की यहूदी म्हणजे दूरदेशीचे लोक. पण मराठी ही घरची भाषा असलेले यहूदी याच कोकणात राहत आले. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि थोडी माणसे वाचली. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची. नवस फेडायला ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: पोहे, खोबरे, साखर, फळे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या; मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्याकरिता मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, ते १८३२ मध्ये छापले. मिशनऱ्यांना वाटले, बायबल वाचतील आणि ख्रिस्ती होतील. बहुतेकांनी बायबल वाचले आणि ते अधिक जाणते यहूदी झाले. इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहूदीपणावरच शंका घेतली. १९६४ मध्ये आंदोलन करून त्यांनी बरोबरीचा हक्क मिळवला. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दुखणे सोसलेला असा समाज विरळा.

मग त्यांच्या तारणाचे काय, असे कॅटेकिझमच्या वर्गात एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो. त्याला खोटे सोपे उत्तर देऊ नका. ख्रिस्त सर्वांचा तारणारा आहे, ही आपली श्रद्धा. देवाने इस्राएलला दिलेले वचन परत घेतलेले नाही, हेही त्याच श्रद्धेत आहे. पौलाने रोमकरांस पत्राचे तीन अध्याय, ९ ते ११, या दोहोंचा मेळ घालण्यात घालवले आणि शेवटी हिशेब पुरा न जुळवता देवाच्या अगाध ज्ञानाची स्तुती करून तो थांबला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले की येशूच्या मरणाचा ठपका तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहूद्यांवर, ठेवता येत नाही. १० डिसेंबर २०१५ रोजी यहूद्यांशी संबंध पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या आयोगाने सांगितले की यहूद्यांना धर्मांतरित करण्याची संस्थात्मक मोहीम कॅथलिक चर्च चालवत नाही. पौल जिथे थांबला तिथे आपणही थांबलो तर काही कमी होणार नाही.

गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातले दुःखसहन वाचले जाते. त्यात ‘यहूदी’ हा शब्द वारंवार येतो आणि लहान मुलांच्या मनात एक खलनायक तयार होतो. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये त्या दिवसाच्या प्रार्थनेतले यहूद्यांविषयीचे अपमानकारक विशेषण काढून टाकले. मुलांच्या मनातले विशेषण घरच्यांनी काढायचे आहे. त्यांना सांगा की येशू यहूदी होता, मरियामाता यहूदी होती, बाराही शिष्य यहूदी होते, आणि शेवटचे भोजन वल्हांडण सणाच्या दिवसांतले होते. १५६६ च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथातही लिहिले आहे की जाणूनबुजून पाप करणारा ख्रिस्ती या बाबतीत यहूद्यांहून अधिक दोषी आहे. हे विधान चारशे साडेचारशे वर्षे छापील पानावर पडून आहे. उपवासकाळात दुःखसहनाचे नाटक बसवत असाल तर यूदाला आणि याजकांना काळे कपडे, वाकडे नाक आणि किनरा आवाज देऊन शिष्यांना गोरेगोमटे करू नका. सगळे एकाच समाजाचे होते, कपडे सारखेच शिवा.

याच्या उलट टोकाचेही एक खूळ सध्या मोबाइलवर फिरते. इस्राएलने कुठे बॉम्ब टाकला की भविष्यवाणी पूर्ण झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या, आणि तेवढ्याच जोरात मुसलमान शेजाऱ्याला टोमणा मारायचा. यहूद्यांशी असलेले आपले नाते कुठल्या सरकारच्या युद्धाला दिलेला पाठिंबा नव्हे. गाझातल्या मेलेल्या मुलांमध्ये ख्रिस्तीही असतात, हे सांगावे लागू नये. नसते तरी फरक पडला नसता. असे संदेश पुढे पाठवू नका. ग्रुपमध्ये कुणी पाठवला तर एकदा शांतपणे लिहा की हे पौलाने शिकवलेले नाही, आणि वाद घालत बसू नका.

शेवटी एक सहल सुचवतो. पॅरिशच्या तरुणांना दरवर्षी कुठेतरी नेतातच. एकदा ठाण्याला न्या. तिथे बेने इस्राएल समाजाचे शार हाशमायीम हे सभास्थान १८७९ पासून आहे. आधी विचारून, परवानगी घेऊन जा, आणि ओळखपत्रे बरोबर ठेवा. शनिवारी त्यांचा शब्बाथ असतो, तो दिवस टाळून रविवार मागा. पुरुषांनी डोके झाकायला रुमाल किंवा टोपी न्यावी, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. मुलांनी निघण्यापूर्वी रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय वाचलेला असावा. तिथे गेल्यावर पत्रके वाटू नका आणि ‘तुम्ही येशूला का मानत नाही’ असे विचारू नका. त्यांच्या आजीला तिच्या लहानपणीचा वल्हांडण कसा व्हायचा ते विचारा, ती मराठीतच सांगेल.